वरच्या जिल्ह्याचा पट

४ मार्च, सोमवार

मुंगे,

आज ऑफिसात तुमच्या संस्थेचं पत्र आलं आणि खाली तुझं नाव होतं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. मी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आडनाव बदललंयस. लग्न केलंस की नुसतंच बदललंस, हे आता मी कुणाला विचारायचं? नऊ वर्षांत तुझ्याकडून आलेलं एवढं लांब पत्र हे एकच, आणि त्यात मला 'महोदया' म्हटलंय.

त्याचं उत्तर ऑफिसातून ऑफिसच्या भाषेत येईल. हे मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या कागदावर लिहितेय, पोस्टाने पाठवीन. ऑफिसच्या ईमेलवर घरचं लिहू नये एवढं मला कळतं. फोन तू उचलत नाहीस.

तुम्ही विचारलंय (की तूच विचारलंयस? इथूनच माझा घोळ सुरू होतो) की वरच्या जिल्ह्यातल्या शाळांचा पट गडबडीच्या त्या सहा वर्षांत दरवर्षी बरोबर दोन टक्क्यांनी कसा वाढला, आणि मुलींचं प्रमाण सहाही वर्षं सत्तेचाळीस पूर्णांक तीनवरच कसं थांबलं. जुने आकडे नव्या वर्गीकरणात बसवताना हे लक्षात आलं, तरी पद्धत स्पष्ट करावी. मुदत तीस एप्रिल.

संचालकांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "बाई, तुमच्या यजमानांच्या काळातलं दिसतंय हे. घरीच विचारून टाका की," म्हणाले आणि हसले. तू कोण ते त्यांना माहीत नाही.

इथलं तसं सगळं तेच आहे. जगभरच्या देशांकडून शाळांचे नि संस्कृतीचे आकडे मागवायचे आणि सगळे एका साच्यात बसवायचे हे तुमचं काम. त्या साच्यात आमचा देश कोंबायचा हे आमचं. आमची बालशाळा दिवसाला दोन तास भरली आणि वर्षातून शंभर दिवस चालली तरच तुमच्या लेखी ती शाळा, म्हणून गेला आठवडा मी लोकांना फोन करून 'तुमची बालशाळा नक्की किती वाजता सुटते' असं विचारतेय. शेजारच्या टेबलावर संस्कृतीची प्रश्नावली आहे. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत जुनी यंत्रं मांडलीत, त्याला संग्रहालय म्हणायचं का, यावर दोन दिवस काथ्याकूट चाललाय. किल्ली ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, बघायला वर्षाला चारजण येतात, त्यातले दोन चुकून.

तर मी काय सांगत होते. तो रविवार. तू प्रबंधासाठी वरच्या जिल्ह्यात जाऊन आलीस आणि दुपारच्या जेवणाच्या टेबलावर फोटो ठेवलास. शाळेच्या खिडक्यांत वाळूची पोती. तू म्हणालीस, "बाबा, या शाळेत तुम्ही तीनशे चाळीस मुलं दाखवलीत. इथं सहा वर्षं सैनिक राहत होते."

बाबा म्हणाले, "सही माझी आहे."

एवढंच म्हणाले. तू आणखी बरंच बोललीस. मी म्हणाले, घरातलं घरात ठेव. मंगळवारी तू गेलीस.

म्हणून विचारते. हे पत्र ऑफिसचं आहे, की त्या रविवारचं?

आई

११ मार्च, सोमवार

मुंगे,

उत्तर नाही आलं. पोस्टाला वेळ लागतो, हे मी स्वतःला सांगतेय.

काल बाबांना तुमचं पत्र दाखवलं. आधी तुला सांगायला हवं होतं की ते पूर्वीसारखे राहिले नाहीत. दीड वर्ष झालं. सकाळी ठीक असतात, आंघोळ करतात, पेपर वाचतात. पण दुपारनंतर सगळं सरमिसळ होतं. परवा मला म्हणाले, "तुमची बदली कधी झाली इथं?" मी म्हटलं, "बत्तीस वर्षांपूर्वी." त्यावर "बरं बरं, रुळलात ना?" असं अगदी आपुलकीने विचारलं. डॉक्टर म्हणतात, असंच चालायचं.

पत्र मात्र त्यांनी पहिल्यासारखं वाचलं. पेन्सिल घेऊन, आकड्यांखाली रेघा मारत. मग म्हणाले, "प्रश्न चांगला विचारलाय. कोण आहे हा माणूस?"

"मुलगी आहे."

"हुशार आहे. कुणाची?"

"आपली," मी म्हटलं.

"आपल्या ऑफिसातली?" ते म्हणाले, आणि मी हो म्हटलं. मुंगे, मी हो का म्हटलं असेन?

मग मी विचारलं, हे दोन टक्के कुठून आले, आठवतंय का. आधी म्हणाले, जनगणनेतून. मग म्हणाले, जिल्ह्यातून तार आली होती. थोड्या वेळाने म्हणाले, "मी दौऱ्यावर होतो ना तेव्हा?" आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. नंतर बाहेर आले तर पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी आपली सही केली होती. चार वेळा.

संचालकांनी आज पुन्हा आठवण केली. त्यांच्या मते सरळ लिहून टाकायचं: 'तत्कालीन विभागप्रमुखांनी अंदाज वापरले, ते निवृत्त असून प्रकृतीमुळे खुलासा देऊ शकत नाहीत.' "कुणालाच त्रास नाही," ते म्हणाले. बघायला गेलं तर खरंच नाही. त्यात खोटं एक अक्षर काढता येणार नाही असा मसुदा मी अर्ध्या तासात करू शकते. पस्तीस वर्षं दुसरं केलं काय मी.

आई

२३ मार्च, शनिवार

मुंगे,

आठवडाभर रेकॉर्डरूममध्ये होते. तळघरातली ती लांब खोली, तू लहानपणी तिथे कपाटांमागे लपायचीस. शिपाईमामा स्टूल धरून उभे, मी वर. वरच्या जिल्ह्याचे गठ्ठे सापडले. गडबडीच्या आधीच्या वर्षी दोनशे बारा शाळांचे दोनशे बारा तक्ते, मुख्याध्यापकांच्या सह्या, शाईचे डाग, एकावर कुणी मुलाने काढलेली बोट. पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात तीन तक्ते. त्याच्या पुढच्या वर्षी गठ्ठाच नाही, नुसतं पुठ्ठ्याचं वेष्टन आणि त्यावर वर्ष.

मामा खालून म्हणाले, "बाई, एवढं हलकं कसं काय हे?"

त्या तीन तक्त्यांतला एक एका मुख्याध्यापिकेचा होता. तिला मी ओळखते. त्या वर्षी ती स्वतः तक्ता घेऊन इथे आली होती, दोन दिवस ट्रकमधून, कारण पोस्ट बंद पडलं होतं. माझ्या टेबलासमोर बसली. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, ते मला अजून दिसतं. म्हणाली, "बाई, आमच्या जिल्ह्यापुढे शून्य लिहू नका. शून्य लिहिलंत की आमच्या जागा जातील, पुस्तकं छापायची बंद होतील. मग उद्या सगळं थांबलं तरी आम्ही उभं कशावर राहायचं?"

तिचा पत्ता तक्त्यावर आहे. जिवंत असेल की नाही माहीत नाही. मी चार दिवसांची रजा टाकलीय. बाबांना शेजारच्या परिचारिकेकडे ठेवतेय. एवढ्या जुन्या गोष्टीसाठी मी इतक्या लांब का चाललेय, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आई

६ एप्रिल, शनिवार

मुंगे,

जाऊन आले. हे पत्र मी तीन वेळा फाडून लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मुख्याध्यापिका जिवंत आहे. सत्तरीच्या पुढची, कंबरेत वाकलेली, आवाज मात्र वर्गातलाच. मला ओळखलं. बसा म्हणाली, चहा केला. मी तुमचं पत्र काढून वाचून दाखवलं. तिनं दोन टक्के पुन्हा वाचायला लावलं.

"दरवर्षी वाढला?" तिनं विचारलं.

"हो."

"आमचा पट वाढला."

"तुम्हीच म्हणाला होतात, शून्य लिहू नका," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा.

ती कप खाली ठेवून म्हणाली, "शून्य लिहू नका म्हणाले होते मी. मुलं शाळेत आहेत असं लिहा, हे नव्हते म्हणाले."

मग तिनं सगळं सांगितलं. पुस्तकं खरंच येत राहिली, पटाप्रमाणे, दरवर्षी दोन टक्के जास्त. निम्मी सैनिकांनी चुलीत घातली. उरलेली तिनं पोत्यांत भरून नदीपलीकडच्या धान्याच्या कोठारात नेली आणि तिथे नव्वद मुलांना शिकवलं. सहा वर्षं. म्हणजे माझ्या आकड्यामुळे तिला पुस्तकं मिळाली. पण शेजारच्या जिल्ह्याचा पट कोसळलेला दिसला म्हणून तिथे बाहेरच्या मदत संस्था आल्या, तंबू टाकले, शिक्षक आणले, मुलांना दूध दिलं. ही तिथे जाऊन विनवण्या करून आली. त्यांनी तिच्यासमोर छापील तक्ता धरला आणि म्हणाले, तुमच्याकडे तर शाळा व्यवस्थित चालल्या आहेत, पट वाढतोय.

"दहा हजारांवर मुलं होती जिल्ह्यात," ती म्हणाली. "माझ्याकडे नव्वद. बाकीची कुठं होती ते मी सांगू शकते. तुमच्या कागदात त्याला रकाना आहे का?"

आता ऐक. ते दोन टक्के बाबांचे नव्हते. माझे होते.

त्या वर्षी बाबा दौऱ्यावर होते आणि टेबल माझ्याकडे होतं. तीन सोडून तक्ते आले नाहीत, मुदत दोन दिवसांवर. तुमच्या प्रश्नावलीला सूचना असतात, त्यात शून्यासाठी एक खूण आणि 'माहिती नाही' यासाठी वेगळी खूण. मला ठाऊक होतं. त्या वेळच्या संचालकांना विचारलं तर म्हणाले, 'माहिती नाही' लिहिलं तर देशाची लाज जाते, काहीतरी भरा. मी गेल्या वर्षीचा आकडा घेतला आणि एक पूर्णांक शून्य दोनने गुणला. मुलींसाठी तेच प्रमाण ठेवलं. वाटलं, तक्ते येतील, मग दुरुस्त करू. बाबा आले, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. त्यांना कळलं दुसऱ्या वर्षी. रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. पण मागचं दुरुस्त करायचं तर मी कशी सुटणार? मग मी दरवर्षी तसंच गुणत राहिले आणि तेही सही करत राहिले.

त्या रविवारी तू त्यांना विचारत होतीस आणि मी पाण्याचं भांडं घेऊन उभी होते. ते म्हणाले, सही माझी आहे. त्या वाक्यानं मी सुटले. तुला गप्प केलं ते त्यांना वाचवायला केलं असं मी नऊ वर्षं म्हणत आलेय, स्वतःशीसुद्धा. ते स्वतःला वाचवायला होतं.

इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. पण मी परतताना बसमध्ये हिशोब मांडत होते: मी खरं लिहिलं असतं तर तंबू आले असते आणि पुस्तकं थांबली असती. की दोन्ही आलं असतं? की सैनिक असेपर्यंत काहीच आलं नसतं? नव्वद मुलं शिकली ती माझ्यामुळे की मी असूनही? सगळं आयुष्य आकडे लावण्यात गेलं आणि हा एक काही लागत नाही.

आई

३० एप्रिल, मंगळवार

मुंगे,

उत्तर आज चार वाजता पाठवलं. तुला मिळालं असेलच, पण ऑफिसच्या भाषेत त्यात काय नाही ते सांगते.

संचालकांनी माझा मसुदा वाचला आणि दार लावून घेतलं. "बाई, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमचे. चौकशी लावून घ्यायची हौस आहे का? यजमानांना आता कोण काय करणार आहे? त्यांच्या नावावर जाऊ दे."

मी म्हटलं, "त्यांच्या नावावर नऊ वर्षं आहेच ते."

त्यांना कळलं नाही. सहीच करणार नाही म्हणाले. मी म्हटलं, मग माझ्या एकटीच्या सहीने जाऊ दे, आकडा मीच केला होता. शेवटी त्यांनी वर 'अवलोकन केले' असं लिहून आद्याक्षरं मारली. म्हणजे त्यांनी बघितलं, पण म्हणाले काहीच नाही. इतकी वर्षं नोकरी करून माणूस इतपत तरी शिकतो.

मी लिहिलंय की सहा वर्षांचे आकडे कुठल्याही नोंदीवर आधारलेले नाहीत, ते अमुक कर्मचाऱ्याने, म्हणजे मी, पद्धतीविना काढले, आणि ते मागे घ्यावेत. जोडीला मुख्याध्यापिकेची हजेरीवही पाठवलीय, नव्वद नावं, झेरॉक्स पुसट आहे. तुमच्या व्याख्येप्रमाणे ते कोठार शाळा नाही, मान्यता नव्हती. तरी पाठवली. ती कशात धरायची ते तुम्ही ठरवा.

सकाळी निघताना बाबांना सांगितलं, आज मी ते खरं लिहिणार आहे. ते बूट पुसत होते, त्यांना कुठेही जायचं नव्हतं. म्हणाले, "मग माझी सही लागणार नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी बूट उचलून जागेवर ठेवले. त्यांना बरं वाटलं की वाईट, चेहऱ्यावरून मला सांगता आलं नाही.

आई

१७ नोव्हेंबर, रविवार

मुंगे,

तुझा जूनमधला फोन झाल्यावर पत्र लिहायचं राहिलंच. तू म्हणालीस, आमचा देश तुझ्याकडे आला तेव्हा तू नको म्हणाली होतीस, सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून घ्यावा लागला. आणि तो प्रश्न तू पाठवला नसतास तर आकडे तपासणाऱ्या यंत्रानेच काढला असता. मी विश्वास ठेवला. थोडा. मग तू बाबांना फोन द्यायला सांगितलंस आणि अकरा मिनिटं बोललीस. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाले, "ऑफिसचं होतं." पुढे काही सांगायला तयार नाहीत. त्या दिवशी मात्र संध्याकाळपर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली.

माझं सांगायचं तर, चौकशी झाली, लेखी ठपका ठेवला, आणि ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी मी निरोपसमारंभ न होता घरी आले. शिपाईमामांनी पिशवी रस्त्यापर्यंत आणून दिली. चालायचंच.

पण तुमच्या तक्त्यात ती सहा वर्षं कोरी दिसायला लागल्यापासून खात्यात विचारणा सुरू झाली, की तेव्हाच्या मुलांचं झालं काय. आता वरच्या जिल्ह्यात घरोघर पाहणी चालू आहे, त्या वेळी शाळेच्या वयाची असलेली सगळी माणसं शोधायची, कोण किती शिकलं ते लिहायचं, आणि मग त्यांच्यासाठी वर्ग काढायचे म्हणतात. निघतील तेव्हा खरं. माणसं कमी पडली म्हणून निवृत्तांना विचारलं. मी हो म्हटलं. बाबांना सोबत आणलंय, आम्ही मुख्याध्यापिकेकडे राहतो. ती त्यांना सकाळी शुद्धलेखन घालते आणि ते मन लावून करतात.

काल एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. पंचवीस-सव्वीसची बाई, हात काळे, समोर उलटं केलेलं चाक. मी फॉर्म काढला.

"शेवटची पूर्ण केलेली इयत्ता?"

"तिसरी," ती म्हणाली. "म्हणजे तिसरीचं पुस्तक निम्मं झालं होतं, मग सैनिक आले. मग कोठारात. तिथं जे पुस्तक हाताला लागेल ते बाई शिकवायच्या. सातवीचं गणित येतं मला. भूगोल अजिबात नाही."

मी सूचनापुस्तिका चाळली. अपूर्ण इयत्ता धरायची नाही. मान्यता नसलेलं शिक्षण धरायचं नाही. मी पेन्सिलीने 'दुसरी' लिहिलं. तिनं वाकून बघितलं.

"दुसरी? माझी मुलगी आहे दुसरीत."

"नियम तसा आहे," मी म्हटलं.

"कुणाचा?"

मी तिला तुमच्या संस्थेबद्दल सांगितलं, की सगळ्या देशांचं एका मापाने मोजायला असे नियम करावे लागतात, नाहीतर कोण कुठे आहे ते कळणारच नाही. मी चांगलं समजावलं, मुंगे. मला स्वतःलाही पटत होतं. ती चाकाची तार आवळत ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्हाला बरंच माहीत आहे त्यांच्याबद्दल."

"माझी मुलगी तिथे काम करते."

"मग तिला म्हणावं एकदा येऊन मला गणित घालून बघ. आणि मग लिही काय लिहायचं ते."

मी तिला म्हटलं, येईल ती. कशी म्हटलं, का म्हटलं, कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. तिनं लगेच विचारलं, कधी? मी सांगितलं, विचारून कळवते. दुकान रविवारी बंद असतं, बाकी रोज उघडं.

आई